अल्पवयीनांची ओळख, सरकारी अभिलेखांतील

सरकारी दप्तरात जमा होणारी अठरा वर्षांखालील मुलांची माहिती लोकांसमोर किती यावी, यासंबंधीचे नियम व प्रथा. भारतात हे संरक्षण एखाद्या एकाच कायद्यात नाही. फौजदारी प्रकरणांत ते कडक आहे, शाळा आणि योजनांच्या कागदांत विरळ.

बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ हा या विषयाचा कणा आहे. विधिसंघर्षग्रस्त, काळजी व संरक्षणाची गरज असलेले, पीडित किंवा साक्षीदार बालक यांचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास त्यात मनाई आहे. मुलाच्या हिताचे असेल तर बाल न्याय मंडळ किंवा बालकल्याण समिती कारणे लेखी नोंदवून परवानगी देऊ शकते. २००० च्या कायद्यात दंडाची मर्यादा १,००० रुपये होती, २००६ मध्ये ती २५,००० झाली. आता सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. याच कलमातील पोलिसांसाठीच्या तरतुदीची चर्चा फारशी होत नाही : निकाली निघालेल्या प्रकरणाची नोंद चारित्र्य पडताळणीतही उघड करायची नाही. कलम २४ तर अपिलाची मुदत सरल्यावर दोषसिद्धीची नोंद नष्टच करायला सांगते. प्रौढाप्रमाणे खटला चालून दोषी ठरलेल्या सोळा वर्षांवरील मुलांना मात्र ही सवलत नाही.

लैंगिक गुन्ह्यांपुरते पोक्सो कायद्याचे (२०१२) कलम ३३ अधिक बारकाईने लिहिलेले आहे. कुटुंब, नातेवाईक, शाळा आणि शेजार हेही त्यात ‘ओळख’ या शब्दात मोडतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला, तेव्हा संवेदनशील गुन्हे वगळले होते. निपुण सक्सेना प्रकरणात (११ डिसेंबर २०१८) पोक्सोखालील एफआयआर सार्वजनिक करू नयेत, नाव असलेली कागदपत्रे शक्यतो बंद लिफाफ्यात ठेवावीत आणि लोकांच्या नजरेस पडू शकणाऱ्या अभिलेखांत त्यांच्या जागी नाव गाळलेल्या प्रती लावाव्यात, असे न्यायालयाने सांगितले. पीडित मूल मरण पावले असले तरी हे बंधन सुटत नाही.

एवढे करूनही एक फट उरतेच. आरोपी वडील किंवा सावत्र वडील असतील, तर निकालपत्रात मुलीऐवजी नुसते ‘पीडिता’ लिहून भागत नाही, कारण शीर्षकात आरोपीचे नाव, मजकुरात गाव आणि तालुका असतो. आठशे उंबऱ्यांच्या गावाला याहून अधिक काही सांगावे लागत नाही. अशा खटल्यांत आरोपीचे नावही झाकायला हवे. केवळ पीडितेच्या नावावर काळी रेघ मारणे हा उपचारच ठरतो. हरवलेल्या मुलांच्या बाबतीत गरज नेमकी उलटी असते. २०१५ च्या ‘खोया-पाया’ संकेतस्थळाचा उद्देशच चेहरा सर्वांना दिसावा हा होता. प्रश्न असतो तो मूल सापडल्यानंतर त्या छायाचित्राचे काय करायचे हा.

ज्या मुलाचा गुन्ह्याशी काही संबंध नाही, त्याच्या माहितीभोवती असे कुंपण नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १७ नुसार जन्मनोंदीचा शोध कोणालाही घेता येतो. शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव, आईचे नाव, धर्म, जात, जन्मतारीख सारे एका ओळीत असते. पुढे जात पडताळणीला हीच ओळ पुरावा ठरते, त्यामुळे ती खोडताही येत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेची गुणवत्ता यादी आणि शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) पंचवीस टक्के प्रवेशांची निवड यादी नावानिशी जाहीर होतात. त्यातली दुसरी यादी मूल वंचित वा दुर्बल घटकातले आहे हेही सांगून जाते, आणि याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

तरीही सरसकट झाकणे हा उपाय नव्हे. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रातील शाळांच्या राज्यव्यापी पटपडताळणीत पटावरची बोगस नावे उघड झाली. यादी कोणी पाहिलीच नसती तर अनुदान तसेच चालू राहिले असते. माहिती अधिकार कायद्याचे कलम १० यातला मधला मार्ग दाखवते : नावे वगळून उरलेला कागद द्यावा. वर्ग, संख्या, रक्कम एवढ्यावरही हिशेब तपासता येतो.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागतो आणि भंगासाठी २०० कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवतो. परंतु एखाद्या कायद्याच्या बंधनामुळे जाहीर केलेली माहिती त्याच्या कक्षेतच येत नाही. याच कायद्याने माहिती अधिकारातील कलम ८(१)(ञ) बदलून वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा रुंदावली. म्हणजे अर्ज करून मागितलेली यादी अडवता येईल. पण खात्याने कायद्यानुसार स्वतःहून संकेतस्थळावर टाकलेली यादी या कायद्याबाहेरच राहील.