किलकारी: साध्या फोनवरचा सल्ला

खेड्यातल्या गरोदर स्त्रीला फोनवरून सल्ला देण्याचा भारतातला एक मोठा प्रयोग बिहारमध्ये उभा राहिला. २०१२ मध्ये बीबीसी मीडिया ॲक्शन या संस्थेने तिथल्या आशाताईंच्या हाती ‘मोबाइल कुंजी’ दिली. कडीत ओवलेली ४० सचित्र कार्डे आणि प्रत्येकावर एक क्रमांक, एवढेच तिचे रूप. घरभेटीत आशाताई हव्या त्या विषयाचे कार्ड काढी, त्यावरचा क्रमांक आपल्या बटणांच्या फोनवर दाबी, की ‘डॉक्टर अनिता’ बोलू लागे. ही अनिता केवळ आवाजापुरती. पण लोहाच्या गोळ्यांना नाक मुरडणाऱ्या सासूपुढे आशाताईच्या शब्दाला डॉक्टरीणबाईंचे वजन मिळावे, हा त्यामागचा हिशेब होता.

पुढची पायरी ‘किलकारी’. २०१३ पासून बिहारमध्ये ध्वनिमुद्रित संदेश थेट घरच्या फोनवर येऊ लागला, आठवड्याला एक रुपया दराने. वाचता न येणाऱ्या बायका बऱ्याच आणि फोन साधे. तेव्हा लेखी संदेशापेक्षा आवाज बरा, हे ओघानेच आले. १५ जानेवारी २०१६ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ही सेवा हाती घेतली आणि ती मोफत झाली. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ संदेश ठरले. कोणत्या आठवड्यात कोणता संदेश जायचा, हे शेवटच्या पाळीच्या तारखेवरून ठरते. ही तारीख आणि फोन क्रमांक सरकारी माता-बाल नोंदींतून येतात. म्हणजे यंत्र कितीही हुशार असले, तरी उपकेंद्रात सिस्टरने लिहिलेला एक आकडा चुकला की बाळंतपणाचा सल्ला भलत्याच घरी जायचा.

खरी अडचण मात्र फोन कोणाचा, ही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या ग्रामीण स्त्रिया ४६.६ टक्केच निघाल्या. नोंदवलेला क्रमांक पुष्कळदा नवऱ्याचा असतो, आणि दुपारी फोन वाजतो तेव्हा तो शेतावर असतो. मध्य प्रदेशातल्या एका मोठ्या चाचणीत किलकारीमुळे गर्भनिरोधक साधनांचा वापर थोडा वाढलेला दिसला. सहा महिने केवळ अंगावर पाजण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. एवढ्या गाजावाजाच्या मानाने हे फळ बेताचेच म्हणावे लागेल.

महाराष्ट्रात ही वाट शहरातून आली. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये स्थापन केलेल्या ‘अरमान’ या मुंबईच्या संस्थेची ‘एममित्र’ सेवा प्रामुख्याने शहरी वस्त्यांतल्या स्त्रियांना संदेश ऐकवू लागली, तेही बाईने स्वतः निवडलेल्या वेळी. नवऱ्याच्या फोनवर हा उतारा साधा, पण नेमका होता. पुढे किलकारी चालवण्याचे कामही अरमानकडे आले आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रात किलकारी मराठीतून सुरू झाली.