छायाचित्र आणि त्यावरचा अभिप्राय

दुसरबीड हे बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा तालुक्यातले गाव. एकीकडे लखुजीराव जाधवांचे सिंदखेडराजा, दुसरीकडे लोणारचे उल्कासरोवर. या भागातील तरुणाच्या हाती आज कॅमेरा असतोच, निदान कॅमेऱ्याचा फोन तरी असतो. सरोवराचे किंवा दैत्यसूदन मंदिराचे छायाचित्र तो घरी दाखवतो. ‘छान आले आहे,’ असे सारे म्हणतात. कोणी जाणता असला तर नाक मुरडतो. या दोहोंपैकी कशानेही त्या मुलाचे पुढचे छायाचित्र सुधारत नाही.

छायाचित्रणाचा शोध 1839 साली पॅरिसमध्ये जाहीर झाला आणि अवघ्या पंधरा वर्षांत, 1854 साली, मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. लंडनची संस्था तिच्याहून एका वर्षाने मोठी. कलकत्ता व मद्रास येथील संस्था 1856 मधल्या. मुंबईचे बहुतेक सभासद हौशी होते. लष्करी अधिकारी, डॉक्टर, व्यापारी अशी ही मंडळी. त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः उत्तम छायाचित्रकार. पुढे ते संस्थेच्या कार्यकारी मंडळावरही होते.

या मंडळींनी एकत्र येण्याचे कारण साधे होते. शिकवणारे कोणी नव्हते. काचेवर कलोडियन ओतायचे, ती काच रौप्यक्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वी धुवून काढायची. ही रीत थंड हवेच्या विलायतेत जन्मलेली. मुंबईच्या उकाड्यात ती तशीच्या तशी चालणे कठीण. अशा वेळी ‘सुंदर’ या शब्दाचा उपयोग काय? डाग का पडला, काच किती वेळ उघडी ठेवली, पाणी कोठले वापरले, हे विचारणारा सोबती हवा. संस्थेने सभा भरवल्या, प्रदर्शने केली, स्वतःचे नियतकालिकही काढले. 1855 साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्याच वर्गातून हरिश्चंद्र चिंतामण तयार झाले आणि पुढे मुंबईत त्यांनी आपला स्टुडिओ थाटला.

1856 पासून विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी हौशी छायाचित्रकारांसाठी एक मासिक संग्रह काढला. त्याच्या अंकांत छापील चित्रे नसत, प्रत्यक्ष छायाचित्रे चिकटवलेली असत. जॉन्सनने पुढे 1863 पासून मुंबईतील जातीजमातींवर दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतील अनेक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपलेली आणि पार्श्वभूमी दुसरीकडची, अशी जोडणी आहे. रसायनाच्या कसोटीवर हे कौशल्यच म्हणावे लागेल. तथापि चित्रातल्या माणसाचे काय? तो जातीच्या नावाने उरला. त्याचे स्वतःचे नाव बहुधा उरलेच नाही. आमच्या मते, अभिप्राय देणाऱ्याने हा प्रश्न डागाच्या प्रश्नाइतकाच अगत्याने विचारावयास हवा होता.

विसाव्या शतकात स्पर्धात्मक प्रदर्शनांची, म्हणजे सलोनांची, प्रथा रुजली. 1953 साली छायाचित्रण संस्थांचा भारतीय महासंघही स्थापन झाला. सलोनने हौशी कलावंताला देशोदेशीचे व्यासपीठ दिले, हे खरे. परंतु परीक्षकांपुढे चित्रे झरझर सरकतात आणि पाठवणाऱ्याच्या हाती येतात ते गुण, किंवा ‘स्वीकृत’ अथवा ‘अस्वीकृत’ एवढा शेरा. कारण कळत नाही. शाळेतल्या निबंधावर नुसता लाल आकडा पडावा, तसेच हे. (आमच्या पिढीला तो आकडा चांगलाच परिचयाचा आहे.)

म्हणून त्या दुसरबीडच्या मुलाकडे परत येऊ. समजा, त्याने दैत्यसूदनाच्या बाह्य भिंतीवरील शिल्पे टिपली आहेत आणि ती सपाट दिसतात. ‘सपाट आहे’ एवढे सांगून भागणार नाही. ऊन समोरून पडले की दगडातील खोली मरते. कोवळे किंवा उतरते ऊन बाजूने आले की तीच मूर्ती भिंतीतून पुढे येते. तेव्हा आधी त्याला विचारावे की, तू तेथे किती वाजता उभा होतास? मग चौकटीच्या कडेला आलेली विजेची तार दाखवावी. जे साधले आहे, तेही नेमके सांगावे: पायरीवर टेकलेली ती वृद्धा त्याने चौकटीत ठेवली, म्हणून मंदिराची उंची कळते. आणि शेवटी, तिला विचारून चित्र घेतले का, तिचे नाव काय, हेही विचारावे.

नाव ठाऊक नसेल तर लोणार काही दूर नाही.