मातेच्या दुधांतील न पचणारी साखर

मातेच्या दुधांत कांहीं शर्करा अशा असतात कीं त्या अर्भकाला पचतच नाहींत! मग निसर्गाचें हें दान कोणासाठीं? १९०० च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील तिसिए यांना अंगावर पिणाऱ्या मुलांच्या विष्ठेंत एक विशिष्ट जंतु आढळला. १९५४ सालीं फिलाडेल्फियाचे ग्यॉर्गी व हायडेलबर्गचे कून यांनीं दाखविलें कीं, या शर्करा म्हणजे त्याच हितकर जंतूंचें अन्न होय.

परंतु लिटरभर दुधांत त्या सुमारें ५ ते १५ ग्रॅम, आणि प्रकार १५० हून अधिक! बाटलीवर वाढणाऱ्या मुलांना त्या पुरविणार कोठून? पुढें आनुवंशिक गुणांत पालट केलेले जंतु मोठ्या टाक्यांत वाढवून त्यांच्याकडून यांपैकीं एक शर्करा करवून घेतां आली. खरी कसोटी होती शुद्धीकरणाची. जंतु गाळून काढावयाचे, क्षार रेझिनांनीं व रंग कोळशानें दूर करावयाचा. जंतूंच्या आवरणांतील विषाचा अपायकारक अंशहि राहतां कामा नये, कारण पिणार तान्हें मूल! २०१६ सालीं अमेरिकेंत ही शर्करा बाळांच्या दुधाच्या भुकटींत आली.

एका शर्करेनें मातेचें दूध होत नाहीं. पण त्याला मुकलेल्या बाळाला त्यांतला एक अंश तरी लाभला.