गजऱ्यापासून अ‍ॅब्सोल्यूटपर्यंत: सुगंधाच्या प्रमाणाचा इतिहास

घरी साबण, क्रीम, उटणं, अत्तर करणारी मंडळी आम्हाला एक प्रश्न वारंवार विचारतात. जाईचं, मोगऱ्याचं, गुलाबाचं ‘अ‍ॅब्सोल्यूट’ म्हणून एक छोटी बाटली हल्ली सहज मिळते. तिच्यातले चार थेंब चेहऱ्याच्या क्रीममध्ये टाकले तर चालतील ना? फुलाचंच तर आहे! उत्तर आम्ही देणारच आहोत. पण त्याआधी थोडं मागे जाऊया, कारण या प्रश्नाचं उत्तर इतिहासात दडलेलं आहे.

आपल्याकडे सुगंध तयार करण्याच्या विद्येला ‘गंधयुक्ती’ म्हणत. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त तिच्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. गंमत अशी, की गणिताचे अभ्यासकही ते प्रकरण आवर्जून वाचतात. सोळा द्रव्यांतून चार निवडायची तर किती प्रकारे निवडता येतील? उत्तर १,८२०. मग त्या चारांचे एक, दोन, तीन, चार असे भाग घ्यायचे. कोणाचा एक भाग आणि कोणाचे चार, हे बदललं की गंध बदलला. म्हणजे कोणतं द्रव्य घ्यायचं याच्याइतकंच ते किती घ्यायचं, यालाही महत्त्व होतं.

याच परंपरेतला गंगाधराचा ‘गंधसार’ आणि मराठी टीकेसह असलेला ‘गंधवाद’ हे ग्रंथ पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी १९४०च्या दशकात अभ्यासकांपुढे आणले. गंधशास्त्रावर मराठीत टीका लिहिली गेली होती, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत असतं? ‘गंधसारा’त भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा क्रिया सांगितल्या आहेत. त्यातली शेवटची, वासन, आज आपल्या कामाची आहे. वासन म्हणजे एका वस्तूत दुसऱ्या वस्तूचा वास मुरवणं.

फुलेल तेल याच पद्धतीचं. तिळांचा थर, त्यावर ताज्या फुलांचा थर, पुन्हा तीळ. फुलं कोमेजली की काढायची, नवी घालायची. तिळात वास मुरला की ते घाण्यात घालून तेल काढायचं. कनौजचं अत्तरही तत्त्वाने याच्या जवळचं. तांब्याच्या ‘देग’मध्ये फुलं आणि पाणी, खाली जाळ, तिथून बांबूच्या नळीने वाफ जाते ती थंड पाण्यात बसवलेल्या ‘भपक्या’त. पारंपरिक पद्धतीत त्या भपक्यात आधीपासूनच चंदनाचं तेल असतं. फुलाचा गंध त्या तेलात उतरतो.

आता नीट बघा. दोन्हीकडे फुलाचा गंध सुटा हातात येतच नाही. तो तिळाच्या तेलात किंवा चंदनाच्या तेलात विरघळूनच येतो. पातळ करण्याचं काम पद्धतच करून टाकायची. जुनं ते सगळं निर्धोक, असा याचा अर्थ नाही. अत्तरानेही कातडीवर पुरळ येऊ शकतं. पण निव्वळ अर्क घरात येण्याची सोयच नव्हती.

ती सोय झाली फ्रान्समध्ये. ग्रास हे दक्षिणेकडचं गाव आधी कातडी कमावण्याचं. हातमोज्यांना सुवास देता देता सुगंधाचं केंद्र झालं. तिथे जाईची फुलं चरबी लावलेल्या काचेवर मांडून ठेवत. चरबी वास शोषून घेई. म्हणजे हेही एक प्रकारचं वासनच! १८३५मध्ये रोबिके या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ईथर वापरून फुलातला गंध काढून दाखवला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच मार्ग कारखान्यात आला. द्रावकात फुलं बुडवायची, द्रावक उडवून टाकायचा. मागे राहतं ते मेणचट ‘काँक्रीट’. ते अल्कोहोलने धुऊन मेण वेगळं केलं की उरतं अ‍ॅब्सोल्यूट.

जाईच्या एक किलो अ‍ॅब्सोल्यूटसाठी साधारण ६०० ते ८०० किलो फुलं लागतात. हिशेब करा: एका थेंबात जवळजवळ एक लहान गजरा! शिवाय वाफेबरोबर जे जड घटक वर येत नाहीत, तेही द्रावक ओढून आणतो. म्हणून त्याचा वास इतका फुलासारखा असतो. आणि म्हणूनच त्याचा धाकही बाळगायला हवा.

याची किंमत जपानमधल्या बायकांनी मोजली. १९६०–७०च्या दशकांत तिथे अनेकजणींचे चेहरे काळपट-तपकिरी पडू लागले. डाग लपवायला त्या आणखी प्रसाधनं लावत आणि डाग वाढत. हिदेओ नाकायामा आणि इतर त्वचातज्ज्ञांनी प्रसाधनांतला एकेक घटक वेगळा करून तपासला. दोषी ठरलेल्यांत एक लाल रंग होता, काही सुटी रसायनं होती आणि जाईचं अ‍ॅब्सोल्यूट, इलांग-इलांगचं तेलही होतं. १९७७मध्ये मोठ्या कंपन्यांनी हे घटक काढून टाकले आणि नवे रुग्ण झपाट्याने कमी झाले. दरम्यान १९७३मध्ये सुगंध उद्योगाची ‘इफ्रा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली होती. कोणता सुगंधी घटक कशात किती टक्के चालेल, याच्या मर्यादा ती ठरवते. वराहमिहिराचे ‘भाग’ टक्क्यांच्या रूपाने परत आले म्हणा ना!

एक उदाहरण आपल्या दसऱ्याचं. झेंडूच्या अर्काने ऊन लागल्यावर कातडी भाजल्यासारखी होऊ शकते. युरोपीय संघाने २०१८च्या नियमाने आपल्या तोरणातल्या मोठ्या झेंडूचा, म्हणजे टॅजेटिस इरेक्टाचा, फुलांचा अर्क आणि तेल प्रसाधनांतून बाद केलं. झेंडूच्या इतर दोन जातींना अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत ०.०१ टक्क्याची मर्यादा घातली. तोरण खुशाल बांधा. अर्क मात्र अंगाला नको.

तर आता मूळ प्रश्न. चार थेंब चालतील का? उत्तर: थेंब मोजूच नका, वजन करा. अ‍ॅब्सोल्यूट दाट असतं, प्रत्येक थेंब वेगळा पडतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. १ ग्रॅम अर्क ९ ग्रॅम जोजोबा किंवा तिळाच्या तेलात मिसळा. हे झालं १० टक्क्यांचं मिश्रण. यातलं १ ग्रॅम १९ ग्रॅम क्रीममध्ये घातलं की झालं अर्धा टक्का. चेहऱ्यासाठी याच्या वर जाऊ नये असं आम्ही म्हणू, आणि त्या अर्काची इफ्राची मर्यादा याहून कमी असेल तर तीच पाळायची. पाण्यात अर्क विरघळत नाही, म्हणून गुलाबपाण्यात थेंब टाकून तोंडावर फवारू नका. तान्ह्या बाळाच्या तेलात तर अजिबात नको.

बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा आणि ती थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. लिनालूलसारखे घटक हवेने बदलतात आणि ॲलर्जी जास्त करू लागतात.

तयार झालेलं मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. १८९५मध्ये याडासोन या त्वचातज्ज्ञाने मांडलेल्या पॅच टेस्टची ही घरगुती आवृत्ती. निव्वळ अर्क मात्र कधीही लावून पाहू नका. त्या चाचणीनेच ॲलर्जी जडू शकते आणि एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते. आज त्रास झाला नाही म्हणून पुढे होणारच नाही, असंही नाही. खाज किंवा काळेपणा दिसला की वापर बंद करायचा आणि त्वचातज्ज्ञांकडे जायचं. जपानमधल्या त्या बायकांसारखं वरून आणखी काही लावत बसायचं नाही.

पूर्वी फुलाचा अर्क पातळ करण्याचं काम तीळ करत होते, चंदन करत होतं. आता बाटली थेट आपल्या हातात येते, तेव्हा ते काम आपल्यालाच करायचं आहे. आज इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.