मुंबई आणि मराठी लेखक

मुंबई शहर, त्यास माणसे पुरविणारा कोकणचा व घाटावरचा मुलूख, आणि या दोहोंत विभागलेले आयुष्य काढणारे मराठी लेखक यांचा सुमारे दोनशे वर्षांचा वाङ्मयीन संबंध. या शहराविषयी मराठीत ज्यांनी लिहिले, त्यांत जन्माने मुंबईकर थोडे. बहुतेक विद्येसाठी अथवा रोजगारासाठी बाहेरून आलेले. त्यामुळे मुंबईचे मराठी वाङ्मय बव्हंशी मुलखाचेच वाङ्मय होय, असे म्हणण्यास हरकत नसावी.

विद्येसाठी आलेले प्रथम. देवगडकडील पोंभुर्ले गावच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी येथे ‘दर्पण’ काढले. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) हे शहराचे मराठीतील पहिले विस्तृत वर्णन. त्यात कौतुक विपुल आहे, पण ते हिशेबी व चौकस गृहस्थाचे कौतुक आहे.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कापडगिरणीचा पाया घातल्यानंतर परळ, लालबाग, भायखळा या टापूत जे गिरणगाव उभे राहिले, त्याने लेखकाची निराळीच जात घडविली. एकेका गावच्या मंडळींनी चाळीत मिळून घेतलेला गाळा, भिंतीलगत रचलेल्या ज्याच्या त्याच्या पत्र्याच्या ट्रंका, एक पाळी कामावर गेली की तिच्या रिकाम्या जागेवर पथारी टाकणारी दुसरी पाळी, खानावळीचा महिनेवारी हिशेब आणि पगार झाला की गावी रवाना होणारी मनिऑर्डर, ही त्या जगाची वहिवाट होती. पुरुष येथे आणि कुटुंब गावी, या विरहातूनच तेथील शाहिरीला तिचा मुख्य विषय मिळाला.

या संबंधात वाळवे तालुक्याचा मान विशेष आहे. तेथील रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५), यांनी मुंबईच्या वैभवाने दिपून जाऊन लावणी रचली. त्याच तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे (१९२०–६९) यांनी त्याच शहरावर लावणी रचली, ती वैभवाच्या पायाशी असलेल्या दैन्याची. बापूरावांनी शहर पाहुण्याच्या नजरेने पाहिले, अण्णा भाऊंनी गिरणीतून आणि घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीतून. ‘माझी मैना गावावर राहिली’ या त्यांच्या छक्कडीत गावी राहिलेल्या स्त्रीचा विरह संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात बेळगाव-कारवारच्या ताटातुटीचा विरह होतो. शहर आणि मुलूख यांचे नाते इतक्या थोड्या शब्दांत दुसऱ्या कोणी बांधलेले आढळत नाही.

नारायण सुर्वे यांना तर गावच नव्हते. गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराने उचलून वाढविलेल्या या अनाथ मुलाने पुढे महापालिकेच्या शाळेत शिपायाची आणि मग शिक्षकाची नोकरी केली. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) मधील कवी कामगारांना आपले गणगोत मानतो, ते यामुळेच. बाबुराव बागूल नाशिककडून, नामदेव ढसाळ पुण्याच्या खेड भागातून आले. गाव म्हणजे जातीची वेस, हे अनुभवाने ठाऊक असल्याने त्यांच्या लेखनात ओढ नाही. शहरातही जात पाठ सोडत नाही, हे बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाने दाखविले. ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) मराठी कवितेस कामाठीपुऱ्याची बोली दिली.

कोकणातील लेखकांची रीत दुहेरी. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचे जयवंत दळवी यांनी ‘चक्र’मध्ये (१९६३) झोपडपट्टी रंगविली आणि ‘सारे प्रवासी घडीचे’मध्ये आपले गाव, मधु मंगेश कर्णिकांनीही कोकणाविषयी मनसोक्त लिहीत असताना ‘माहीमची खाडी’ (१९६९) लिहिली. भाऊ पाध्ये हा ठळक अपवाद. दादरला जन्मलेल्या या लेखकाच्या ‘वासूनाका’मध्ये (१९६५) नाक्यावरच्या पोरांना गावाची आठवण छळत नाही, त्यांच्या भाषेने मात्र आचार्य अत्र्यांसारख्यांना संतप्त केले.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या ओस पडत गेल्या, गाळे रिकामे झाले आणि अनेक कामगार गावी परतले. मागे राहिलेल्यांचे जिणे गिरणगावातच वाढलेल्या जयंत पवारांनी ‘अधांतर’ नाटकात व पुढे कथांत मांडले. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या त्यांच्या कथासंग्रहास २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.