जुन्या हलक्या विमानाचे दफ्तर

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांची चर्चा करताना राजवाड्यांनी बखर आणि अस्सल कागद यांत जो भेद केला, तो आता आपल्या अभ्यासशाखेचा पहिला पाठ होऊन बसला आहे. बखर पराक्रम सांगते; हिशेबाचा चिटोरा त्या पराक्रमाला दाणावैरण कोठून मिळाली ते सांगतो. आपल्या प्रांतातील हलक्या विमानांचा इतिहास पाहू जाता असे आढळते की, त्याची बखर पुष्कळ लिहिली गेली, दफ्तर मात्र क्वचितच उघडले गेले. पहिला परवाना कोणास मिळाला, पहिली टपाल कोणी नेली, हे सर्वश्रुत आहे. तेच विमान दुसऱ्या दिवशी पुन्हा उडण्याजोगे कोणी केले, कशाने केले, आणि त्याची नोंद कोणत्या वहीत झाली, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रारंभ जुहूपासून करणे सोयीचे आहे. तेथे 1928 साली मुंबई फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि 10 फेब्रुवारी 1929 रोजी जे. आर. डी. टाटा यांस भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्या काळची क्लबांची विमाने बहुतांशी डी हॅविलंड कंपनीच्या मॉथ घराण्यातली. जिप्सी मॉथ म्हणजे प्लायवूडची एक लांबट पेटी, लाकडी वाशांचे व फासळ्यांचे पंख, त्यांवर ताणून बसविलेले कापड आणि पुढे चार सिलिंडरांचे इंजिन. अशा यंत्राची निगा राखण्यास जेवढा यंत्रज्ञ लागे तेवढाच सुतार आणि शिंपीही लागे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभे आहे.

1930 साली आगाखान पारितोषिकासाठी टाटा कराचीहून इंग्लंडकडे व अॅस्पी इंजिनिअर इंग्लंडहून कराचीकडे एकेकटे उडत होते. ईजिप्तमधील अबुकीर येथे टाटांस इंजिनिअर अडकून पडलेले आढळले. स्पार्क प्लग नादुरुस्त झाले होते व जवळ सुटे प्लग नव्हते. टाटांनी आपल्याजवळचे प्लग दिले आणि पारितोषिक इंजिनिअर यांनी जिंकले. हेच इंजिनिअर पुढे 1960 साली भारतीय वायुदलाचे प्रमुख झाले. ही कथा सामान्यतः खिलाडूवृत्तीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि इतिहासकाराने तीत दुसरेही काही पाहावे: हजारो मैलांच्या प्रवासाचे भवितव्य बोटभर लांबीच्या सुट्या भागावर अवलंबून होते.

15 ऑक्टोबर 1932 रोजी टाटांनी पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणली. अहमदाबादेस पेट्रोल चार गॅलनच्या डब्यांतून बैलगाडीवर आले होते. डब्यातले पेट्रोल मऊ कातड्यातून गाळून टाकीत ओतावे, म्हणजे पाणी वर राहते, ही त्या काळची सर्वत्र चालणारी रीत होती. पाणी हा हलक्या विमानाचा जुना वैरी. अर्धी भरलेली टाकी रात्री थंड झाली की आतल्या हवेतील बाष्प थेंबांच्या रूपाने तळाशी जमते. म्हणून संध्याकाळी टाकी भरून ठेवणे आणि सकाळी तळाच्या तोटीतून थोडे पेट्रोल काचेच्या भांड्यात काढून पाहणे, या दोन सवयी तेव्हापासून आजतागायत चालत आल्या आहेत.

आपल्याकडे पाण्याचे दुसरे रूप म्हणजे पावसाळा. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलाने निरुपयोगी होई, आणि टाटांची टपालसेवा त्या दिवसांत पुण्याहून चाले. पुण्याच्या हलक्या विमानवाहतुकीचा आरंभ असा मुंबईच्या चिखलात आहे. पण विमानतळ बदलला तरी हवेतील ओल बदलत नाही. जुन्या लाकडी विमानांचे सांधे केसिन सरसाने, म्हणजे दुधातील प्रथिनापासून केलेल्या सरसाने, जोडलेले असत. तो दमट हवेत नरमतो व त्यास बुरशी लागते. म्हणून पंखांच्या मागच्या कडेला ठेवलेली पाण्याच्या निचऱ्याची बारीक भोके मोकळी आहेत की मातीने बुजली आहेत, हे पाहणे पावसाळ्यात फार महत्त्वाचे ठरे. भोक बुजले की पाणी आत साचते आणि पंखाचा मुख्य वासा बाहेरून धड दिसत असता आतून कुजत जातो.

कापडाच्या दुरुस्तीचे तंत्र तपशीलाने सांगण्याजोगे आहे. सुती अथवा तागाचे कापड सांगाड्यावर चढवून फासळ्यांशी दोऱ्याने शिवीत आणि त्यावर डोप नावाचा सेल्युलोजयुक्त लेप देत; तो वाळताना आकसतो व कापड ढोलाच्या कातड्यासारखे ताणले जाते. शेवटच्या हातांत अॅल्युमिनियमची भुकटी मिसळीत. ती शोभेसाठी नव्हे. सूर्यकिरणांनी कापडाचा धागा जळतो, त्यास ती अडविते. फाटलेल्या जागी जुना लेप द्रावकाने काढावा, चीर शिवावी, आणि कडा करवतीच्या दातांसारख्या कातरलेले ठिगळ डोपने बसवावे. सरळ कडेपेक्षा दातेरी कडेचे ठिगळ वाऱ्याने सहजी उचलले जात नाही. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यात गंज आतून धरतो म्हणून बंद नळ्यांत जवसाचे तेल फिरवून काढीत. सुकाणूच्या तारदोरांवरून चिंधी ओढीत; एखादा धागा तुटला असेल तर चिंधी तेथे अडकते. आजही याहून स्वस्त तपासणी सापडणे कठीण.

ही विद्या परदेशी विमानांबरोबर आली खरी, पण तेवढ्यावर थांबली नाही. हिंदुस्थान एअरक्राफ्टचे पुष्पक 28 सप्टेंबर 1958 रोजी प्रथम उडाले: दोन आसने, 90 अश्वशक्तीचे इंजिन, पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि वर कापड. अशी सुमारे दीडशे विमाने तयार झाली व देशभरच्या फ्लाइंग क्लबांत विद्यार्थ्यांच्या हातची आदळआपट सोसत राहिली. पुण्यात हडपसरचे ग्लायडिंग केंद्र 1950 पासूनचे. नागरी विमान विभागाने रचलेल्या अश्विनी, भरणी, रोहिणी या नक्षत्रनामांकित ग्लायडरांतही लाकूड व कापड यांचाच संसार होता.

आता पिंपरी-चिंचवडकडे वळू. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. 1962 नंतर औद्योगिक विकास महामंडळाच्या भूखंडांवर भोसरी, आकुर्डी, पुढे चाकणपर्यंत मोटारी, दुचाकी आणि त्यांचे सुटे भाग यांचे एक अखंड कारखानी क्षेत्र उभे राहिले. या पट्ट्यातील एखाद्या लहान वर्कशॉपला विमानाचा बोल्ट कातून देणे अवघड आहे काय? कौशल्याच्या दृष्टीने मुळीच नाही. तरीही तो बोल्ट विमानात बसविता येत नाही. कारण तो कोणत्या धातूचा, कोणत्या घाणीतला, कोणी तपासला, याचा मान्य कागद त्याच्यासोबत नसतो. कागदाविना उत्तम बोल्टही विमानाच्या दृष्टीने भंगार होय. हलक्या विमानांच्या दुरुस्तीचा धंदा मोटारदुरुस्तीसारखा गल्लोगल्ली का पसरला नाही, याचे कारण शोधताना आपण भांडवल व बाजार यांचाच विचार करतो; माझ्या मते कागदाच्या या शिस्तीकडे अधिक लक्ष पुरविले पाहिजे.

ही शिस्त 1934 चा वायुयान कायदा व 1937 चे नियम यांनी घालून दिली. मूळ कायद्याची जागा आता 2024 च्या भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली असली तरी लॉगबुक आणि परवानाधारक इंजिनिअरची सही यांचे महत्त्व कायम आहे. किरकोळ दुरुस्ती कशास म्हणावे याची व्याख्या मोठी मासलेवाईक आहे. अमेरिकी नियमांत ती नकारार्थीच दिली आहे: जी मोठी नव्हे ती किरकोळ. आणि मोठी म्हणजे आकाराने मोठी नव्हे, तर चुकीची झाल्यास विमानाच्या बळकटीस वा वर्तनास बाध आणणारी. त्यामुळे कापडावरील वीतभर ठिगळ किरकोळ ठरू शकते आणि मुख्य वाशातील इंचभर सांधा मोठा ठरतो.

2004 साली अमेरिकेने हलक्या क्रीडाविमानांचा जो वर्ग निर्माण केला, त्याची वजनमर्यादा जमिनीवरून उडणाऱ्या विमानासाठी सुमारे 600 किलो होती. म्हणजे जवळजवळ पुष्पकाएवढीच. या वर्गात रोटॅक्स 912 इंजिनाचा प्रसार फार झाला. त्याच्या रबरी नळ्या, विमान उडो वा न उडो, दर 5 वर्षांनी बदलाव्या लागतात. जुने विमान घेणारा मनुष्य उड्डाणाचे तास कमी पाहून हुरळतो. पण रबर तास मोजीत नाही, वर्षे मोजते. शिवाय या इंजिनास 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मान्य आहे, तर आपल्या पंपांवर 2025 पासून 20 टक्क्यांचे मिश्रण सर्रास मिळते. उसाच्या प्रदेशात इथेनॉलचे स्वागत होणे स्वाभाविक आहे. पण इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि अबुकीर-अहमदाबादच्या काळचा तो जुना वैरी नव्या वाटेने टाकीत शिरतो.

नीट निगा राखली तर असे विमान किती काळ टिकते? 15 ऑक्टोबर 1982 रोजी 78 वर्षांच्या टाटांनी कराची-मुंबई उड्डाण पुन्हा केले ते लेपर्ड मॉथ विमानातून. या जातीचे उत्पादन 1933 ते 1936 एवढेच झाले. अर्थात विमानाचे वय किमान 46 वर्षे होते. एवढ्या काळात लाकडी विमानाचे कापड व इंजिनाचे भाग अनेकदा बदलले जातात. मग तेच विमान आहे असे कशाच्या आधारे म्हणावयाचे? उत्तर एकच: नोंदींची साखळी अखंड आहे म्हणून.

येथे आपल्या शाखेच्या विद्यार्थ्यांस काम आहे. लॉगबुकाचे वाचन अस्सल पत्राच्या वाचनासारखेच सावधपणे करावे लागते. विमानाच्या व इंजिनाच्या स्वतंत्र वह्यांतील तास परस्परांशी ताडून पाहावे. अनेक वर्षांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या तर ती नक्कल समजावी व मूळ वही मागावी. जून ते सप्टेंबर उड्डाण नसणे संशयास्पद नाही. पण त्या चार महिन्यांनंतर तपासणीची एकही नोंद नसणे निश्चितच आहे. आणि एकाच तारखेस प्रोपेलर व चाकाचा दांडा दोन्ही बदललेले असून कारणाचा रकाना कोरा असेल, तर त्या दिवशी ते विमान धावपट्टीवर आपटले असावे असा तर्क करून पंखाच्या मुळाशी जाऊन लाकूड तपासावे.