साभार परत

टपालाने पाठविलेले लेखन ‘साभार परत’ असा शेरा घेऊन घरी यावे, हा अनुभव ज्यास आला नाही असा मराठी लेखक विरळाच. आमचे आयुष्य कामगारांचे अर्ज लिहिण्यात गेले. त्यावरून आम्ही सांगतो, नकाराने माणूस तितका खचत नाही, जितका उत्तरच न आल्याने खचतो. जुन्या मासिकांनी नव्या लेखकांसाठी काय केले, हे याच कसोटीवर पाहावे.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली ‘मनोरंजन’ काढले आणि १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली. नवख्यांना त्यामुळे वर्षातून एकदा तरी मोठे दार उघडे झाले. पुढे ‘सत्यकथे’त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी संपादन म्हणजे पत्रव्यवहार असे मानले. कथेत काय साधले, कोठे फसले, हे ते सविस्तर कळवीत आणि पुन्हा लिहावयास लावीत. ती टपालावर चालणारी शाळाच होती. परंतु प्रत्येक शाळेची एक आवड असते. त्या आवडीत न बसणाऱ्या तरुणांनी १९६९ साली ‘सत्यकथे’चा अंक जाळला. संपात वावरलेल्या आम्हांस त्या ज्वाळेचा अर्थ कळतो. पण म्हणून त्या पत्रांचे मोल कमी होत नाही.

आमच्या मराठवाड्याची अडचण निराळी होती. निजामी राजवटीत कारभाराची भाषा उर्दू आणि नामांकित मासिके पुण्या-मुंबईस. १९१३ साली जन्मलेल्या बी. रघुनाथांनी सरकारी कारकुनी सांभाळून कविता, कथा, कादंबरी लिहिली आणि १९५३ साली ते परभणीतच वारले. मराठवाडा साहित्य परिषद १९४३ साली स्थापन झाली. तिचे ‘प्रतिष्ठान’ निघाले तेही १९५३ सालीच. रघुनाथांच्या पिढीला आपल्या अंगणातले दार असे उशिरा मिळाले.

ज्यांना हेही दार परके वाटे, त्यांच्यासाठी प्रा. गंगाधर पानतावणे यांनी १९६७-६८च्या सुमारास औरंगाबादेत ‘अस्मिता’ काढले. तेच पुढे ‘अस्मितादर्श’ झाले. दलित लेखकांस त्याने नुसती जागा दिली नाही. लेखक-वाचक मेळावे भरवून लिहिणारा आणि वाचणारा यांना एका मांडवात बसविले. आमच्या युनियनची सर्वसाधारण सभा याहून वेगळी ती काय?

‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली. आम्ही तिच्या जुन्या फायली वाचनालयात बसून वाचल्या, त्यांवरच शिकलो, आणि पुढे हयात असलेल्या मासिकांची वर्गणी मात्र कित्येक वर्षे भरली नाही. वर्गणी न देता संघटनेने लढावे असे म्हणणाऱ्या सभासदांस आम्ही नेहमी टोकतो. येथे आम्हीच तसे सभासद होतो.

संपादकाच्या पत्राला तिकीट लागते, आणि ते तिकीट वाचकाच्या वर्गणीतून येते. सेलू-जिंतूरकडच्या एखाद्या मुलीची वही उद्या कोणा संपादकाच्या मेजावर पडेल. तिला उत्तर जावे असे वाटत असेल, तर तिकिटाचे पैसे आपणच दिले पाहिजेत.